खुर्चीत कोण बसलं ते बघा

'डाऊट' या सिनेमावरच्या लेखातलं एक वाक्य खटकलं: फादर फ्लिन या धर्मगुरूनं शाळेतल्या एका मुलाशी गैरवर्तन केलं असा मुख्याध्यापिका सिस्टर अलॉयशिअसचा आरोप, पण तिच्याकडे पुरावा नाही, म्हणजे ती निव्वळ संशयखोर. अहो, पण पुरावा आणायचा कुठून? काळ १९६४चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली कॅथलिक शाळा. मुख्याध्यापिका झाली तरी तक्रार करायची ती वरच्या पुरुष धर्मगुरूकडेच. फादर फ्लिन तिच्या ऑफिसात येतो आणि थेट तिच्याच खुर्चीत बसतो, वर चहात तीन खडे साखर मागतो. त्या एका प्रसंगात अख्खी उतरंड दिसते, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही! 'तुमच्या आधीच्या पॅरिशमध्ये (म्हणजे आधीच्या चर्चमध्ये) मी फोन केला होता' ही तिनं फ्लिनला मारलेली थाप मला पटत नाहीच. पण शेवटी फ्लिन तिथून जातो तो बढतीवरच.

मी काही वर्षं एका वसतिगृहाच्या शाळेत शिकवलं. एका सरांबद्दल आम्हा दोघी-तिघींना वहीम होता. एक मुलगा त्यांच्या तासाला हमखास पोट दुखतंय म्हणून बाहेर बसायचा, बस्स, एवढंच. वरिष्ठांकडे गेलो तर प्रश्न आला, "बाई, डोळ्यांनी बघितलंत का?" नव्हतं बघितलं. पुढे सरांची दुसऱ्या वसतिगृहावर बदली झाली. खरं काय ते मला आजही माहीत नाही. निरोपाला त्यांना शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा टाळ्या मात्र मीही वाजवल्या.