‘मार्क नव्हे, माणूस बघतात’ : एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

ऑगस्टमध्ये अनेक अमेरिकी विद्यापीठांना एकदमच अर्ज करता येणाऱ्या कॉमन अ‍ॅपचे नवे अर्ज उघडले की मुलांना पदवीसाठी अमेरिकेत पाठवू पाहणाऱ्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास येऊन पडतो. न्यू जर्सीतल्या आत्याकडून पुण्यातल्या भावाकडे आणि तिथून क्लासच्या गटावर, असा त्याचा प्रवास असतो. त्यातला दावा थोडक्यात असा : अमेरिकेतली नामांकित विद्यापीठे मार्क बघत नाहीत, माणूस बघतात; नववी ते अकरावीचा जीपीए (वर्गातल्या गुणांची ४ पैकी सरासरी) कमी असला तरी एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण भरभक्कम असले, निबंध काळजाला भिडणारा असला आणि मुलाने एखादी सामाजिक संस्था काढलेली असली की सगळी कसर भरून निघते. पुरावा म्हणून शेवटी कोणा एका मुलाची गोष्ट असते, जो कमी मार्क असूनही म्हणे हार्वर्डला लागला. हा मजकूर निखालस खोटा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. त्यात अर्धे खरे आहे आणि पालक फसतात ते त्या अर्ध्यावरच, म्हणून एकेक विधान सुटे करून तपासलेले बरे.

पहिले विधान, विद्यापीठे मार्क बघत नाहीत. याला आधार म्हणून ‘होलिस्टिक’ हा शब्द पुढे केला जातो. होलिस्टिक म्हणजे सर्वंकष; आणि जो सर्व काही पाहतो तो मार्क तेवढे सोडून देतो, असा अर्थ त्यातून कसा निघतो हे मला आजवर उमगलेले नाही. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे माहितीपत्रक दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. त्यातल्या ‘सी-७’ या तक्त्यात प्रवेशाच्या प्रत्येक निकषापुढे ‘अत्यंत महत्त्वाचा’ पासून ‘विचारात घेतला जात नाही’ पर्यंतच्या चार रकान्यांपैकी एकात खूण केलेली असते. स्टॅनफर्डच्या तक्त्यात निबंध, शिफारसपत्रे आणि चारित्र्य यांच्यापुढे ‘अत्यंत महत्त्वाचा’ अशी खूण आहे, हे खरेच. पण तीच खूण घेतलेल्या विषयांच्या काठिण्यापुढे आणि जीपीएपुढेही आहे. थोडे खाली ‘सी-११’ मध्ये प्रत्यक्ष दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा जीपीए कोणत्या टप्प्यात किती टक्के, हेही दिलेले असते. ज्या विद्यापीठाचा विचार चालू आहे त्याचा हा एक तक्ता उघडून पाहायला दहा मिनिटे लागतात, आणि मजकूर पुढे ढकलण्याआधी ती कोणी खर्च करीत नाही.

सर्वंकष पद्धतीमुळे फरक पडतो तो मार्क वाचण्याच्या रीतीत. समजा, दोन विद्यार्थ्यांचा जीपीए ४ पैकी ३.२ असा सारखाच आहे. एकाचे नववीत २.६, दहावीत ३.२ आणि अकरावीत ३.८, दुसऱ्याचे नेमके उलटे, ३.८ वरून २.६ वर. सरासरी एकच असली तरी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांचे गुणपत्रक, हाती घेणाऱ्याला दोन निराळी मुले दिसतात. शिवाय पहिल्याने अकरावीत शाळेतले सर्वांत अवघड, कॉलेजच्या पातळीचे ‘एपी’ विषय घेतले होते की सोपे विषय घेऊन अंक वाढवले होते, हेही तो पाहतो, कारण ट्रान्सक्रिप्टसोबत शाळेचा समुपदेशक ‘स्कूल प्रोफाइल’ जोडतो आणि त्या शाळेत कोणते विषय उपलब्ध होते व गुण देण्याची पद्धत काय होती हे त्यात लिहिलेले असते. चढता आलेख आणि त्यामागचे खरे कारण यांचा कमी जीपीएच्या मुलाला निश्चित लाभ होतो. तो लाभही मार्क वाचले जातात म्हणूनच होतो.

आपल्याकडच्या मुलांच्या बाबतीत ही गोष्ट आणखी अडचणीची ठरते. अमेरिकेच्या हिशेबाने हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी ही चार वर्षे, आणि चारही वर्षांची गुणपत्रके मागितली जातात. महाराष्ट्रात मात्र दहावी आणि बारावी ही दोनच वर्षे बोर्डाची, आणि अकरावी म्हणजे जेईई किंवा सीईटीच्या क्लासला वाहिलेले वर्ष. कॉलेजात हजेरी लावली नाही तरी चालते आणि वार्षिक परीक्षेत पास होण्यापुरते लिहिले तरी कोणी विचारत नाही. माझ्या भाच्याच्या अर्जासाठी मी त्याच्या ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीवर अकरावीचे गुणपत्रक मागायला उभा होतो, तेव्हा आतल्या लिपिकाने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. “मुलगा बारावीला आहे ना? मग अकरावीची मार्कशीट घेऊन काय करणार?” तासाभराने रजिस्टर सापडले. दहावीला ९१ टक्के मिळवणाऱ्या त्या मुलाचे अकरावीत गणितात १०० पैकी ४४ आणि भौतिकशास्त्रात ५१ गुण होते. घरात ते आकडे कोणी पाहिलेच नव्हते. आम्हाला जो कागद रद्दीच्या लायकीचा वाटत होता, तो अर्ज वाचणाऱ्याच्या दृष्टीने मुलाचे पूर्ण झालेले सर्वांत अलीकडचे वर्ष होते.

उपप्राचार्यांनी पत्र दिले, आणि चांगले दिले : या कॉलेजात अकरावीच्या परीक्षेला विद्यार्थी कोणते स्थान देतात, गुण देण्याची पद्धत कशी आहे, आणि याच मुलाचे बारावीच्या सहामाहीत किती गुण आहेत, हे त्यांनी साध्या शब्दांत लिहिले. अशा पत्राने ४४ चे ६४ होत नाहीत, पण ते ४४ कशाचे आहेत हे तरी वाचणाऱ्याला कळते.

याच ओघात एका उपद्व्यापाचा उल्लेख करतो. टक्क्यांना २५ ने भागून जीपीए काढायचा आणि अर्जात भरायचा, म्हणजे ७८ टक्क्यांचे ३.१२, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला काही अर्थ नाही. गुण ज्या पद्धतीत मिळाले त्याच पद्धतीत द्यावेत, स्वतः रूपांतर करू नये, असे बहुतेक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगतात; आणि आमच्या मंडळींनी घरी बसून केलेल्या या भागाकाराने बऱ्याचदा मुलाचेच नुकसान होते.

दुसरे विधान एसएटीचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो धरून पदवी देणाऱ्या नऊही शाखांच्या बाबतीत ते साफ चुकीचे आहे, कारण तिथे प्रवेशाचा निर्णय करताना एसएटी पाहिलीच जात नाही. १६०० पैकी १६०० मिळाले तरी ते कोणाच्या नजरेस पडत नाहीत. उलट तिथे राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी ३.४ हा किमान जीपीए ठरलेला आहे. मजकुरातल्या ‘नववी’बद्दल मात्र इथे थोडे तथ्य आहे : हा जीपीए दहावी आणि अकरावीच्या गुणांवरून काढला जातो, नववीचे गुण त्यात धरले जात नाहीत. अकरावीचे धरले जातात, हे पुन्हा सांगायला नको.

एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये प्रवेशपरीक्षेचे गुण पुन्हा सक्तीचे केले, आणि त्यावरून परीक्षेचे वजन वाढले असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धवट आहे. ज्या शाळेत प्रगत विषयच शिकवले जात नाहीत तिथल्या हुशार मुलाची तयारी ओळखता यावी, हा एमआयटीने दिलेल्या कारणांचा एक महत्त्वाचा भाग होता. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या, अमेरिकेत कोणी नावही न ऐकलेल्या कॉलेजातल्या मुलीला एसएटीचा खरा उपयोग आहे. तिच्या ९० टक्क्यांना त्या गुणांनी दुजोरा मिळतो. एसएटी उत्तम आणि वर्गातले गुण कमी, अशा मुलाविषयी मात्र वाचणाऱ्याच्या मनात सहज येते ते हे की, याला येत होते पण याने केले नाही. तेच गुण तिथे गैरसोयीचे ठरतात.

निबंध आणि संस्था यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कॉमन अ‍ॅपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो. त्यात मुलाचे मन दिसावे ही अपेक्षा असते. कमी गुणांचे खरे कारण असेल, आजारपण, घरातला मृत्यू, शाळा बदलणे, तर ते सांगण्यासाठी अर्जात स्वतंत्र जागा आहे आणि तिथे ते चार वाक्यांत, रडगाणे न गाता सांगावे. अकरावीच्या उन्हाळ्यात वडिलांच्या पैशांवर काढलेल्या संस्थेला अर्जात मिळतात १५० अक्षरे, स्पेस धरून.

उरतो हार्वर्डला लागलेला तो मुलगा. अशी मुले असतात, हे मी नाकारत नाही. त्यांतली बरीचशी कोण असतात, हे हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला, त्या खटल्यात उघड झालेल्या आकडेवारीवरून समजते. हार्वर्ड अर्जदाराला अभ्यासाच्या कामगिरीसाठी १ ते ६ अशी श्रेणी देते, त्यात १ सर्वोत्तम. ड्यूक विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ पीटर आर्सिडियाकोनो यांनी केलेल्या विश्लेषणानुसार, श्रेणी ४ असलेल्या पण विद्यापीठाच्या संघासाठी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ७० टक्क्यांना प्रवेश मिळाला. त्याच श्रेणीच्या बिगरखेळाडू अर्जदारांत हे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी होते. पुढच्या वेळी कोणी ती गोष्ट सांगितली तर तो मुलगा नौकानयनात होता की तलवारबाजीत, एवढेच विचारावे.

मग कमी जीपीएच्या मुलाने करायचे काय? अर्ज जरूर करावा, पण यादी ‘सी-११’ पाहून करावी, आणि बारावीच्या पहिल्या सत्रात जीव ओतावा, कारण शाळा वर्षाच्या मध्यावर पाठवते त्या मिड-इयर रिपोर्टने ते गुण विद्यापीठाकडे जातात. आणि ज्या मार्गाचा त्या मजकुरात एका शब्दानेही उल्लेख नसतो तो ट्रान्सफरचा, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्या विद्यापीठात मधल्या वर्षाला जाण्याचा. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजे, म्हणजे पहिली दोन वर्षे शिकवणारी सरकारी कॉलेजे, आहेत. तिथे दोन वर्षांत ६० सेमिस्टर युनिट्स (श्रेयांक) पूर्ण करून कॅलिफोर्निया विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला अर्ज केला की निर्णय कॉलेजातल्या गुणांवर होतो, हायस्कूलच्या नव्हे. डेव्हिस, अर्वाइन, सांता बार्बरा यांसह सहा शाखा तर ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्याला प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस या योजनेत नाहीत, तिथे चुरस असते. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांनाही ही वाट खुली आहे, मात्र त्यांना कम्युनिटी कॉलेजची फी स्थानिकांच्या कित्येक पट द्यावी लागते. आणि तिथे पहिल्या सत्रापासूनचा प्रत्येक ग्रेड मोजला जातो. ज्याकडे कोणी पाहत नाही असे अकरावीसारखे एकही वर्ष त्या दोन वर्षांत नसते.