चार मीटर जमीन गेली कुठे?

निचरा केलेल्या पीट जमिनींवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: पाणी काढलं की पीट जमीन (दलदलीत साचलेल्या झाडपाल्याची माती) दबते, ओला स्पंज वाळून बसतो तशी, त्या खचण्याला मी ‘कार्बन हवेत गेला’ म्हणतो ही अतिशयोक्ती. गेलाच असेल तर शेणखत घालून भरून काढता येईल. आणि पुन्हा पाणी भरलं तर मिथेन हा जास्त तापवणारा वायू सुटेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे. इंग्लंडमधल्या होम फेन या पाणथळ भागातली सगळी चार मीटर जमीन ‘वायू होऊन गेली’ असं मी ठोकून दिलं होतं. शेजारचं व्हिट्लसी मिअर तळं उपसलं, त्या सुमारास, म्हणजे १८५१ च्या आसपास, होम फेनमध्ये लोखंडी खांब गाडला, डोकं जमिनीलगत ठेवून. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे. सुरुवातीची घट मुख्यतः माती बसल्याचीच होती, आणि तेव्हाच वेगही सर्वांत जास्त होता. पण नुसतं दबणं कधीतरी थांबतं. शेतीखालची पीट जमीन निचरा होऊन शंभर वर्षं झाली तरी वर्षाला साधारण एक-दोन सेंटिमीटर खाली जातच राहते.

कारण पीट म्हणजे हजारो वर्षांची न कुजलेली झाडपात. पाण्याखाली प्राणवायू नव्हता म्हणून ती कुजली नाही. (कुंडीत घालतो ते कोकोपीट वेगळं, ते नारळाच्या काथ्याचं. आणखी कोणीतरी ही गल्लत केली होती म्हणून सांगितलं.) हवा आत शिरली की सूक्ष्मजीव तिला खायला लागतात. दबलेल्या मातीचं कोरडं वजन तेवढंच राहतं, खाल्लेल्या मातीचं घटतं. फरक तिथे कळतो. शिवाय शेतात मनोऱ्यावर उपकरणं लावून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड थेट मोजतात. पिकाने हवेतून घेतलेला त्यातून वजा होतो, आणि कापून नेलेल्या पिकातला पुन्हा मिळवावा लागतो.

आता शेणखत. हेक्टरभर पीटचा एक सेंटिमीटर थर म्हणजे १०० घनमीटर. कोरडं वजन घनमीटरला १०० ते २०० किलो धरा, त्यात निम्मा कार्बन: ५ ते १० टन. आयपीसीसीने (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २०१३ साली पाणथळ जमिनींसाठी काढलेल्या पुरवणीत समशीतोष्ण पट्ट्यातल्या निचरा केलेल्या पीकजमिनीला हेक्टरी वर्षाला ७.९ टन कार्बन घटतो असा आकडा दिला आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे २९ टन. दहा टन ओल्या शेणखतात पाणी वजा जाता कार्बन उरतो जेमतेम टनभर, आणि त्यातलाही बराचसा लवकरच कुजून जातो. खनिज मातीत शेणखताचा उपयोग आहेच, पण इथे गळक्या हौदात तांब्याने पाणी ओतण्यासारखं आहे.

मिथेनचा मुद्दा तुमचा सर्वांत सकस. जमीन पाण्याने झाकून टाकली तर मिथेन वाढतो, हे मी मूळ लेखात दोन ओळींत उरकायला नको होतं. फक्त दोन गोष्टी: मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं. आणि निचऱ्याच्या चरांतूनही मिथेन येतच असतो, तोही हिशेबात धरावा लागतो. शिवाय शेत बुडवायचंच असं नाही. २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार भूजल पातळी दर दहा सेंटिमीटर वर आणली की, मिथेन धरूनही, हेक्टरी वर्षाला किमान तीन टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम कमी होतो; पाणी जमिनीखाली तीस सेंटिमीटरवर येईपर्यंत हे लागू पडतं. तेवढ्या ओलीत गवत उत्तम येतं, काही पिकंही येतात. बटाटा-गाजरवाल्यांची अडचण मात्र खरी आहे, आणि ती एकट्या शेतकऱ्याची नाही: चर आणि पंप सामायिक असतात, एकाने पातळी वाढवली की शेजाऱ्याच्या शेतात पाणी. ‘शेतकऱ्याला उपदेश सोपा’ हा तुमचा टोमणा म्हणून मान्य.

होम फेनचं ते वाक्य दुरुस्त केलं आहे. जुनं खोडलेलं तसंच दिसेल असं ठेवलंय, नाहीतर तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला अधांतरी वाटेल.