बोनेट झाकलेलंच बरं

जुना डिझेल पिकअप घ्यायचं ठरलंय? छान. आता पहिलं काम म्हणजे इंजिनाचा विषय डोक्यातून काढून टाका. इंजिन काय, सगळ्याच गाड्यांना असतं. तुम्ही टायरची नक्षी बघा, सीट कव्हर बघा, मागच्या हौद्यात आडवं होऊन पाय पुरतात का ते बघा. बोनेट उघडलंच तर आतला भाग धुऊन, पुसून, पॉलिश मारून चकचकीत केलाय का एवढंच तपासा. धुतलेलं इंजिन म्हणजे काळजी घेणारा मालक. ऑइल कुठून पाझरत होतं याची खूण आदल्या दिवशीच पाण्याबरोबर वाहून गेली, हा निव्वळ योगायोग.

जाण्याआधी फोन करा आणि आवर्जून सांगा, ‘मी येतोय, गाडी जरा गरम करून ठेवा.’ थंड इंजिन फार तोंडाळ असतं. डिझेलला ठिणगी लागत नाही; दाबून तापवलेल्या हवेतच ते पेटतं. त्यामुळे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असोत, व्हॉल्व्ह नीट बसत नसोत की थंड इंजिनाला ऊब देणारे ग्लो प्लग मेलेले असोत, रात्रभर उभ्या गाडीला पहिला सेल्फ मारला की सगळं बाहेर येतं. सेल्फ लांबतो, मग इंजिन एका सिलिंडरवर रुसल्यासारखं थडथडत चालू होतं आणि मागून पांढरा धूर निघतो. तेच इंजिन गरम असलं की एका झटक्यात सुरू. तेव्हा गेल्या गेल्या रेडिएटरच्या पाइपाला हात लावून बघू नका. गरम लागला तर ‘सकाळपासून गाडी हलली नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघायची वेळ येते.

गाडी चालू झाली की पुढे उभे राहा आणि जाळीचं कौतुक करा. सायलेन्सर मागे असतो, म्हणून मागे जायचं नाही. तिथे पांढरा धूर असला तर एक तर न जळलेलं डिझेल असतं, त्याचा वास नाकात झोंबतो. नाही तर कुलंट असतं, त्याला गोडसर वास येतो आणि इंजिन तापल्यावरही तो धूर थांबत नाही. निळा असला तर ऑइल जळतंय. काळा असला तर डिझेल जास्त आणि हवा कमी: फिल्टर तुंबलाय, इंजिनात हवा कोंबणारा टर्बो थकलाय, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप फाटलाय, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचं नोझल मुततंय किंवा कुणीतरी चिप बसवून पंपाला जोर लावलाय. इतक्या शक्यता डोक्यात घेऊन सौदा होतो का कधी?

आता ऑइल भरायच्या झाकणाचा प्रकार. हा प्रयोग कुणी करून दाखवायला लागलं तर त्याला थांबवा. इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, चालू ठेवायचं, झाकण फिरवून काढायचं आणि तोंडावर उलटं, नुसतं ठेवायचं. तब्येत बरी असेल तर झाकण जागच्या जागी जरासं थरथरतं, कडेने विरळशी वाफ येते, बस. रिंगा आणि लायनर, म्हणजे सिलिंडरचं अस्तर, झिजले असतील तर जळलेला वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतो आणि वाट मिळेल तिथून वर येतो. झाकण उकळत्या भांड्यावरच्या ताटलीसारखं नाचतं आणि उडून पडतं. मिस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात. खरं तर काही इंजिनांत भोकाची जागाच अशी असते, की धडधाकट असूनही ती थोडं फुंकतात. म्हणून शहाणी माणसं झाकणावर थांबत नाहीत, क्रँककेसचं प्रेशर मोजतात आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघतात. तुम्हाला एवढाच मुद्दा पुरे: ‘या मॉडेलला असंच असतं.’ समोरचा हे म्हणाला की मान डोलवा. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं झाकलेलं झाकणही.

डिपस्टिक मात्र जरूर काढा, कारण तिथे चुकीचा निष्कर्ष काढायला मोठा वाव आहे. ऑइल काळं दिसलं की दचका. सोनेरी दिसलं की खूश व्हा. डिझेल इंजिनात काजळीमुळे ताजं ऑइलही काहीशे किलोमीटरच्या आत काळं पडतं, त्यामुळे काळेपणावरून काही कळत नाही. उलट विक्रीच्या दिवशीच पट्टीवर मधासारखं ऑइल दिसणं म्हणजे जुना पुरावा नुकताच ड्रेन झालाय. पण तो तुमच्यासाठीच खर्च केलाय असं समजा. पट्टीवर लेव्हल वरच्या खुणेच्याही वर असेल आणि बोटाला डिझेलचा वास येत असेल, तर म्हणा, ‘वा, भरपूर ऑइल आहे.’ ते वाढलेलं ऑइल नसतं, त्यात उतरलेलं डिझेल असतं. गळका इंजेक्टर हे एक कारण. दुसरं म्हणजे धुराचा फिल्टर, तो डीपीएफ, जाळून साफ करायला इंजिन जादा डिझेल सोडत असताना मालकाने दर वेळी मध्येच चावी बंद केलेली असते. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंगं किती दिवस काढतील, हे बेअरिंगांनी बघावं.

कुलंटच्या टाकीचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं असतं. तुम्ही गाडी गरमच मागवलीय, म्हणजे हा प्रश्न परस्पर मिटला. नाही तर टाकीत तेलाचा तवंग दिसला असता, किंवा इंजिन चालू करताच बुडबुड्यांची माळ वर येताना दिसली असती. सकाळी, सेल्फही मारण्याआधी, वरचा मोठा पाइप दाबून बघितला आणि तो दगडासारखा लागला, तर हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटमधून आलेलं कालचं प्रेशर अजून आत बसलेलं असतं. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी आढळलं तर मालक काटकसरी म्हणून त्याचा आदर वाढवा. मोठ्या डिझेलमध्ये स्फोटागणिक सिलिंडरची भिंत कंप पावते, तिच्या पाण्याकडच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटताना धातूचा कण न् कण टिपतात. कुलंटमधलं अ‍ॅडिटिव्ह त्या भिंतीवर पातळ थर धरून ते थोपवतं. नुसत्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनाच्या सिलिंडरला एक दिवस टाचणीएवढं भोक पडतं. बाहेरून काही दिसत नाही, म्हणजे सौंदर्याला बाधा नाही.

आता नावाचा महिमा. इंजिन नावाने घ्यावं, सालाने नव्हे. ‘या कंपनीचं इंजिन मरत नाही’ हे वाक्य दोन वेळा ऐकलं की पुढे चौकशी करायची नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपचंच बघा. फोर्डचं ७.३ लिटर पॉवरस्ट्रोक इंजिन नावाजलेलं. मग त्याच्यामागून २००३ ते २००७ या सालांत आलेलं ६.० लिटर डोळे मिटून घ्यायला काय हरकत आहे? नाव तर तेच. त्याच्या दुखण्यांतही एक शिस्त आहे. ऑइल कूलरच्या बारीक गल्ल्या गाळाने तुंबतात. त्यातूनच पुढे ईजीआर कूलरला, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या कूलरला, कुलंट जातं, तो उपाशी राहून तापतो आणि तडकतो. मग कुलंट सिलिंडरकडे जातं. त्यात कुणी चिप टाकून प्रेशर वाढवलं असेल, तर सिलिंडरमागे चारच बोल्टांवर धरलेलं हेड उचललं जातं आणि गॅस्केट सुटतं. हे आधी ओळखायचं तर गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून गाडी हायवेवर पूर्ण तापेपर्यंत चालवावी लागते. ऑइल कुलंटपेक्षा १५ अंश फॅरनहाइटहून, म्हणजे साधारण ८ अंश सेल्सिअसहून, जास्त गरम राहत असेल तर कूलर तुंबलाय. तुम्ही मात्र कोपऱ्यापर्यंत जाऊन परत या. पाच मिनिटांत कुठलंच तापमान कुठे पोचत नाही.

डॉजच्या पिकअपमधलं कमिन्स ५.९ लिटर इंजिन म्हटलं की लोक हात जोडतात, आणि जुन्या बारा व्हॉल्व्हवाल्याला हात जोडण्यात चूकही नाही. फक्त त्याच्या टायमिंग गिअरच्या केसमध्ये एक छोटी पिन असते. ती थरथरत बाहेर सरकते आणि गिअरांत पडते. बोल्टाखाली एक पट्टी बसवली की काम भागतं; बसवलीय का, असं विचारून कुणाला अडचणीत आणू नका. १९९८ च्या मध्यापासून आलेल्या चोवीस व्हॉल्व्हवाल्यात डिझेलचा पंप बदलला. हा व्हीपी४४ पंप डिझेलवरच थंड राहतो आणि त्याचं वंगणही डिझेलच. मागून डिझेल ढकलणारा लिफ्ट पंप अशक्त झाला की तो कोरडा पडून जातो. म्हणजे स्वस्त पंप महागड्या पंपाला बरोबर घेऊन मरतो. शिवाय त्या काळातल्या काही ब्लॉकांवर ५३ हा आकडा ओतलेला असतो आणि ते पाण्याच्या बाजूने तडकण्यासाठी प्रसिद्ध आहेत. आकडा बघायला टॉर्च आणि आरसा घेऊन वाकावं लागतं. कपडे खराब होतात, जाऊ द्या. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स इंजिनात २००१ ते २००४ च्या एलबी७ मॉडेलचे इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या आत बसवलेत. गळले तर जमिनीवर थेंब नाही, थेट ऑइलमध्ये. स्वच्छतेच्या दृष्टीने उत्तम.

तरीही मन भरलं नसेल तर सीपी४ या हाय प्रेशर डिझेल पंपाची गाडी शोधा. २०११ ते २०१६ च्या एलएमएल ड्युरामॅक्समध्ये तो मिळेल, त्याच काळातल्या फोर्ड ६.७ मध्येही. या पंपात कॅम आणि प्लंजर यांच्यामध्ये रोलर असतो. रोलरचं घर आपल्या भोकात जरा आडवं फिरलं की रोलर गरगरायच्या ऐवजी कॅमला खरवडायला लागतो. त्याचा कीस डिझेलबरोबर रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीत, जातो, तिथून इंजेक्टरांत, आणि रिटर्नच्या नळीने टाकीत. त्यामुळे नुसता पंप बदलून भागत नाही: रेल, सगळे इंजेक्टर, हाय प्रेशर पाइप, टाकीची धुलाई, सगळी वरात निघते. डिझेलमध्ये पाणी किंवा हवा आली की ही वेळ लवकर येते. फिल्टरची वाटी पांढऱ्या कागदावर रिकामी करून उन्हात धरली आणि चमचम दिसली तर काय ते समजतं. तुम्ही वाटी उघडू नका. वॉटर सेपरेटरचा नळही सोडू नका. पाणी निघालं तर कुणाला आवडेल?

इंजेक्टरांची परीक्षा करण्याची एक भिकार पद्धत मिस्त्री लोकांत चालते. प्रत्येकाच्या रिटर्नच्या नळीला सारखी बाटली लावायची, काही मिनिटं आयडल चालवायचं, मग बाटल्या ओळीने मांडायच्या. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल जमलं की चोर सापडला. हाय प्रेशरची बाजू मात्र चेष्टेतही सैल करायची नाही. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्याही पुढे जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. इथे उपरोध संपला, पुढचं वाक्य पुन्हा नेहमीचं.

टर्बोला शिटी येत असेल तर संगीत समजा. पाइप काढून शाफ्ट चाचपला तर आडवा किंचित हलणं चालतं. आत-बाहेर हललेला जाणवला किंवा चाकाची पाती घराला घासल्याची खूण दिसली, तर टर्बोचे दिवस भरले. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा हात असणं ठीक, डबकं असणं ठीक नाही.

मीटर वाचा, पण किलोमीटरचेच. बऱ्याच गाड्यांच्या पडद्यात इंजिनाचे तासही असतात, तिकडे लक्ष देऊ नका. एक लाख ऐंशी हजार किलोमीटर आणि नऊ हजार तास, म्हणजे सरासरी ताशी २० किलोमीटर. गाडी कुठे गेलीच नाही, एसी लावून उभी राहून धुमसत राहिली. दुसरी गाडी दोन लाख चाळीस हजारांची, पण चारच हजार तासांची. ताशी ६० ने हायवेवर पळालेली. तुम्ही पहिलीच घ्या, किलोमीटर कमी आहेत. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. डिझेल इंजिन मात्र नुसतं उभ्या उभ्याही मरतं. आयडलवर ते पुरतं तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल रिंगांत चिकटतं, ईजीआरमध्ये काजळीचे थर बसतात.

डॅशबोर्डवर लाल-पिवळं काही दिसत नाही ना? मग झालं. चावी ऑन केल्यावर इंजिनाचा दिवा आधी लागून मग विझायला हवा. तो लागलाच नाही तर बल्ब काढलाय, किंवा मागे टेप चिकटवलीय. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नाही आणि गाडी स्वतःच्या स्वतः करते त्या तपासण्याही सगळ्या ‘अपूर्ण’ दिसतायत, तर कोड कालच पुसलेत. डीपीएफवाल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं की ते जवळपास कोरंच यायला हवं. काळं झालं तर आतला फिल्टर फुटलाय किंवा पोकळ केलाय, आणि पोकळ केलेली गाडी बऱ्याच देशांत धुराच्या तपासणीला नापास होते. बोट खिशात ठेवा.

कागदांवर सह्या झाल्या, किल्ली हातात आली. रात्री गाडी दारात लावा आणि शांत झोपा. सकाळी ती तुम्हाला पहिल्यांदाच थंड भेटेल. सेल्फ मारा. जरा थांबा. पुन्हा मारा.