बॉलला हात लावलाय, हो!

आधी चूक कबूल करतो. 2024च्या एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या पुरुष व्हॉलीबॉलच्या फायनलचा निकाल मी मागच्या लेखात 3-0 लिहिला होता. यूसीएलएने (लॉस एंजेलिसचं विद्यापीठ) लाँग बीच स्टेटला 3-1 हरवलं. दुरुस्त केलंय, आभार.

आता बाकीचं. घरच्या कोर्टाच्या फायद्याचं कौतुक या स्पर्धेत उगाच फार होतं, असं मी त्याच लेखात म्हटलं होतं. त्यावर 'अनामिक' नावाने आलेलं तुमचं उत्तर: "2014ला लोयोला शिकागोत, 2017ला ओहायो स्टेट कोलंबसमध्ये, 2019ला लाँग बीच आपल्या पिरॅमिड स्टेडियममध्ये, तिघंही घरीच जिंकले. बॉलला कधी हात लावला असतात तर असं लिहिलं नसतंत."

पहिलं वाक्य लिहून थांबला असतात तर काय बिघडत होतं? 'अनामिक' नावामागून दुसऱ्याची लायकी काढणं सोपं असतं.

लावलाय हो हात. डाव्या हाताची करंगळी वरच्या पेरात अजून वाकडी आहे, ब्लॉकला गेलो तेव्हाची. तीन वर्षं कॉलेजचा लिफ्टर होतो, स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा. मुरमाचं ग्राउंड, सकाळी फक्की मारायची, दुपारपर्यंत वाऱ्याने निम्म्या रेषा गायब.

आणि घरच्या कोर्टाचंच सांगायचं तर ऐका. आंतरमहाविद्यालयीन सामना, आमचंच ग्राउंड. दुसरा सेट, 14-12 ने आम्ही पुढे, सर्व्हिस माझी. तेव्हा सर्व्हिस ज्याची त्यालाच पॉइंट मिळायचा. हॉस्टेलची पोरं मेसची ताटं बडवत माझ्या नावाने ओरडत होती. परक्या गावात मी डोळे झाकून मारली असती ती सर्व्हिस. इथे हात जड झाला, बॉल नेटमध्ये. सर्व्हिस गेली, सेट 14-16 गेला, मागोमाग मॅचही गेली. ताटं कधी थांबली ते कळलंच नाही. त्या रात्री मेसमध्ये जेवायला गेलो नाही. हे सोफ्यावर बसून कळत नाही, साहेब.

तुमच्या तीन सालांचं म्हणाल तर 2018ला लाँग बीच जिंकलं ते पॉली पॅव्हेलियनमध्ये, यूसीएलएच्या घरात शिरून, यूसीएलएलाच पाच सेटमध्ये हरवून. 2024ला यूसीएलएने पिरॅमिडमध्ये जाऊन परतफेड केली. तुमचे तीन, माझे दोन. बेरजा तुम्ही करत बसा.

'ही कॅलिफोर्नियाच्या चार कॉलेजांची गल्लीतली स्पर्धा' हेही तुमचंच वाक्य. 1970 ते 1993 सगळी विजेतेपदं तिथेच गेली, मान्य. पण 1994ला पेन्सिल्व्हेनियाच्या पेन स्टेटने फायनलमध्ये यूसीएलएलाच पाडलं. 2021 आणि 2022 हवाईचं. आणि तुम्ही स्वतःच दिलेली लोयोला आणि ओहायो स्टेट कोणत्या गल्लीत येतात?

यापुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच छापेन. करंगळीचा फोटो मात्र मागू नका.