डुक्कर रिक्षाची जर्मन मावसबहीण

इसेट्टा नावाच्या जुन्या चिमुकल्या गाडीला दार एकच, आणि तेही नाकावर. बाकीच्या गाड्यांना जिथे बॉनेट असतं तिथे हिचं दार. कडी फिरवली की गाडीचा अख्खा चेहराच उघडतो आणि स्टिअरिंग व्हील दाराबरोबर बाहेर झुलतं. आत एकच बाक, दोघांपुरता. लेकीकडे जर्मनीला गेलो होतो तेव्हा एका संग्रहालयात ही पाहिली. दार उघडंच ठेवलेलं होतं. स्टिअरिंगच्या दांड्याला खाली सांधा कसा दिलाय ते बघायला मी दोरीवरून वाकलो, तेवढ्यात रखवालदार खाकरला. बायको म्हणाली, "अय्या, किती गोंडस आहे!"

मला मात्र आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेरची डुक्कर रिक्षा आठवली.

पन्नाशीच्या आसपासच्यांना ती वेगळी सांगायला नको. लांबोडकं नाक, पुढे एकच चाक, त्याच्यावरच इंजिन. गाडी ओढायची तीही त्याच चाकाने. माणसं किती बसायची याचा हिशोब ड्रायव्हरलाही नसे. मी अनेकदा त्याच्या शेजारी अर्ध्या ढुंगणावर बसून गेलोय, समोरचं नाक थडथड उडताना बघत. तिला "गोंडस" म्हणालेलं माणूस मला अजून भेटायचंय.

आता गंमत बघा. ही डुक्करही मूळची जर्मनच. हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याची हान्सेआट. 1958 मध्ये उद्योजक फिरोदियांनी त्यांच्याशी करार करून ती इथे बनवायला घेतली आणि बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली. आपण आज कुठल्याही मालवाहू गाडीला बिनदिक्कत "टेम्पो" म्हणतो, तो शब्द तिथून आलाय. म्हणजे इसेट्टा काय न् डुक्कर काय, दोघी एकाच काळातल्या, युद्धानंतर खिसे फाटलेल्या युरोपातल्या. एक संग्रहालयात गेली, एक भंगारात. हे मला खटकतं.

इसेट्टा मात्र मुळात जर्मन नव्हे, इटालियन. मिलानजवळच्या इसो कंपनीने ती 1953 मध्ये आणली. इसो आधी फ्रिज बनवायची, त्यामुळे त्या दारावरून लोक विनोद करतात. पण दार नाकावर असल्याचा फायदा साधा आहे: गाडी फुटपाथला नाक लावून उभी करायची आणि सरळ फुटपाथवर उतरायचं. मागची दोन चाकं अर्ध्या मीटरच्या आतबाहेर जवळ घेतली, कारण मग डिफरन्शियलच, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणाच, लागत नाही. वजन वाचलं, पैसे वाचले. बीएमडब्ल्यूने परवाना घेऊन 1955 पासून स्वतःचं मोटरसायकलचं एक सिलिंडरचं इंजिन त्यात बसवलं. लांबी सव्वादोन मीटर, म्हणजे मारुती 800 पेक्षा मीटरभर आखूड. अशा दीड लाखाच्या वर गाड्या विकल्या त्यांनी, आणि तेही त्यांच्या आलिशान गाड्या तोट्यात चाललेल्या असताना. आज शोरूममध्ये कॉफी पाजतात ना, तीच ही कंपनी!

मेसरश्मिट या जर्मन विमान कंपनीची तऱ्हा तर आणखी न्यारी. युद्ध हरल्यावर विमानं बनवायला बंदी, कारखाना रिकामा. फ्रिट्झ फेंड हा विमानांचा इंजिनिअर अपंगांसाठी तीनचाकी बनवत होता, त्याला हाताशी घेतलं. त्यातून दोघांनी एकामागे एक बसायची काचेच्या घुमटाची गाडी निघाली. तिच्या केआर 200 या मॉडेलला वेगळा रिव्हर्स गिअरच नाही. इंजिन बंद करायचं आणि उलट्या दिशेने फिरवून चालू करायचं. टू-स्ट्रोक ते, त्याला उलटसुलट दोन्ही चालतं. म्हणजे मागे जायलाही चारच्या चार गिअर! ज्याने हे सुचवलं त्याच्या मी पाया पडेन.

अशा गाड्यांना "वेडगळ डिझाइन" म्हणून हसतात तेव्हा माझं डोकं फिरतं. वेडगळ बघायची असेल तर 1910 ची हंसगाडी बघा. कलकत्त्यातल्या एका श्रीमंत इंग्रजाने इंग्लंडातून करवून घेतलेली. पुढे हंसाची मान, चोचीतून वाफ सोडायची सोय, आणि मागून रस्त्यावर चुन्याची पांढरी पिचकारी, हंसाने शी केल्यासारखी. ती पुढे पंजाबातल्या नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेली, आता नेदरलँड्समधल्या संग्रहालयात आहे. पैसा जास्त झाला की असं सुचतं. मजा येते बघायला, नाही म्हणत नाही. पण त्या पिचकारीमागे अडचण कुठली होती, सांगा.

हान्सेआटमागे होती. एक चाक कमी म्हणजे एक टायर कमी, इंजिन चाकावरच म्हणजे मागेपर्यंत लांब शाफ्ट नको, मागचा सगळा भाग माल भरायला मोकळा. इसेट्टाचीच अक्कल, फक्त बटाट्याच्या पोत्यांसाठी वापरलेली.

शेवटची डुक्कर मी बार्शीच्या अलीकडे एका वस्तीवर पाहिली, बाभळीखाली. पुढचं चाक काढून नेलेलं, त्यामुळे नाक मातीत. आत कोंबड्यांनी अंडी घातली होती. मी फोटो काढतोय म्हटल्यावर घरातली म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "हिचा कसला फोटो काढतोस बाबा? इकडं ये, नवा ट्रॅक्टर दावते."