कुणाविरुद्ध राखायचा डाव?

आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची शिक्षण परिषद संपवून घरी आले, जेवण झालं, तरी डोकं शांत होईना. म्हणून लिहितेय.

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून आलेली एक नवी शिक्षिका. परजिल्ह्यातली, पहिलीच नेमणूक, तीही द्विशिक्षकी शाळेवर. चहाच्या वेळी तिने एका ज्येष्ठ सरांना विचारलं, "सर, तिसरी-चौथी एकत्र घेताना रोजच्या पाठांचं टाचण कसं काढता? एखादा नमुना बघायला मिळेल का?" सर म्हणाले, "मॅडम, आम्हाला कुणी दिला होता? आणि वस्ताद एक डाव राखूनच ठेवतो." आजूबाजूचे हसले. पोरगी बिचारी वही मिटून गप्प बसली.

अहो, तालमीत ठीक आहे. चेला उद्या उलटला तर म्हणून वस्ताद डाव राखतो. इथं समोर कोण आहे? हातच्याची वजाबाकी न येणारं तिसरीतलं पोर. कुणाविरुद्ध राखायचा डाव?

मला दिलं होतं कुणीतरी. गगनबावड्याकडे माझी पहिली शाळा, आणि शेजारच्या वाडीवरच्या बाईंनी आपली जुनी टाचणवही आणून हातात ठेवली. मी मागितलीही नव्हती. डाव्या पानावर नियोजन, उजव्या पानावर पेन्सिलीने प्रत्यक्षात काय झालं ते. "५२ मधून २७. निम्म्या पोरांनी ३५ लिहिलं. दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवले. परत फळ्यावर घेऊ नये, आधी काड्यांचे गठ्ठे सोडवायला लावावेत." आणखी एका पानावर, "जुलैत पत्र्यावर पाऊस वाजतो, मागच्यांना ऐकू जात नाही. गोष्ट ऐकणे पुढे ढकलावे." डीएडला मी उद्दिष्टं, पूर्वज्ञान, शैक्षणिक साहित्य, फलकलेखन सगळं शिकले, ते लागतंच. पण पोराच्या वहीत पस्तीस का येतात, हे मला बाईंच्या उजव्या पानाने सांगितलं.

आता कुणीतरी म्हणेल, ग्रुपवर टाचणांच्या पीडीएफ पडलेल्या असतात की. असतात. आणि काही जण शाळेचं नावसुद्धा न बदलता प्रिंट काढतात, तेही मान्य. पण त्या पीडीएफमध्ये सगळं नीटच पार पडतं. प्रत्येक मूल बरोबर उत्तर देतं, घटक ठरलेल्या तासिकेत संपतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बीडकडची पोरं येऊन वर्गात बसतात, हंगाम संपला की जातात. त्यांच्यासाठी त्या रंगीत चौकटीत जागा कुठाय? कागल-शिरोळकडचे शिक्षक दरवर्षी यातून काहीतरी वाट काढतात. ती त्यांच्या डोक्यातच राहते. बदली झाली की त्यांच्याबरोबर निघून जाते आणि नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून चाचपडतो.

लिहिता लिहिता सरांवरचा राग जरा उतरलाय. त्यांनी तरी वही का दाखवावी? इतक्या वर्षांत ती उघडून बघितली कुणी, तर तपासणीला आलेल्यांनी. शेरा काय, "टाचण अपूर्ण." फक्त चुका काढायलाच जी वही उघडली जाते, ती माणूस चारचौघांत कशी काढेल? "पोरांना समजलं नाही" असं प्रामाणिकपणे लिहावं, तर उद्या तेच आपल्या अंगावर येतं. बाई पेन्सिलीने लिहायच्या, ते यासाठीच असणार. तपासणीआधी खोडता यावं म्हणून. किती वाईट आहे हे! आख्ख्या वहीतलं सगळ्यात कामाचं तेच, आणि तेच लपवायचं.

तरीही सरांचं उत्तर मला पटत नाही ते नाहीच. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत, त्यात तयारीचा वेळ धरलेला आहे. म्हणजे तयारी हे आपलं पगारी काम आहे. ते घरच्या तिजोरीत कसं ठेवता? (तो वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, हे मलाही माहीत आहे.) शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते याच कोल्हापुरात. इथंच शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालयात वर्गात जे जे करून बघितलं, ते लिहून सगळ्यांपुढे ठेवलं. आणि आपण एक नमुना मागणाऱ्या पोरीला हसतो?

परिषद भरवणाऱ्या केंद्रप्रमुखांना माझं एकच सांगणं आहे. परिषदेतली थोडी भाषणं कमी करा आणि अर्धा तास आम्हाला एकमेकांच्या वह्या बघू द्या. शेरा नको, सही नको, फोटो काढून वर पाठवणं तर अजिबात नको. कुठला पाठ फसला आणि मग काय केलं, एवढंच बोलू.

त्या मॅडमना निघताना नंबर दिलाय. तिसरी-चौथी एकत्र घेतानाची माझी वजाबाकी, भागाकार आणि परिसर अभ्यासाची पानं फोटो काढून त्यांना पाठवलीत, खाडाखोडीसकट. अजून कुणाला हवी असतील तर इनबॉक्समध्ये सांगा, माझं नाव घालायची गरज नाही. आणि टोळीवरची पोरं मधेच आल्यावर वर्ग कसा बसवता, हे कुणी लिहून ठेवलं असेल तर मला द्या. कसल्याही अक्षरात चालेल.