‘भीती नाही त्याला नीती नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना

मागच्या महिन्यात भानामतीवर लिहिलेल्या लेखाला एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. सही म्हणून ‘एक माळकरी, परभणी’ एवढंच आहे. ती ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी शहरात एसीत बसून खेड्यातल्या लोकांना अडाणी ठरवते. माझ्यावर संस्कार करायला घरी कुणी नसावं. जादूटोणाविरोधी कायद्याची तारीख मी चुकवली. अंगात येणाऱ्या बाईचं एरवी कुणी ऐकत नाही, तो तिचा एकमेव आधारही मला काढून घ्यायचा आहे. आमच्या मावळणीची, म्हणजे आत्याची, गोष्ट मी रचून सांगितली. आणि शेवटी हे वाक्य: ‘ज्याला अदृश्याची भीती नाही त्याला नीती नाही, उद्या त्याच्या हातून काहीही घडू शकतं.’

आधी भाषेबद्दल बोलू, कारण मला ती लागली. सुरुवात ‘ताई’ म्हणून करायची आणि तिसऱ्याच ओळीत ताईच्या आईबापावर घसरायचं, ही कुठली रीत झाली? आपण माळ घालता. माझ्या वडिलांच्या गळ्यातही माळ होती. आषाढीला ते पायी जायचे. रोज दिवेलागणीला आमच्या घरी हरिपाठ व्हायचा आणि तो चुकला तर आम्हा लेकरांना जेवायला वाढत नसत. हे संस्कार नसतील तर संस्कार कशाला म्हणतात ते आपणच सांगावं. मतभेद असू द्या, मी उत्तर देईन. पण माझे वडील आता हयात नाहीत, आणि त्यांच्याविषयी एका अनोळखी माणसाकडून मी काही ऐकून घेणार नाही.

एसीचंही सांगून टाकते. 27 वर्षं मी विज्ञान शिकवते आहे. त्यातली 19 वर्षं खेड्यातल्या शाळांत गेली, एसटीनं जाऊन, फाट्यावर उतरून पुढं पायी. आता लातुरात राहते हे खरं. 2016 साली याच लातुराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि तेव्हा घागरी घेऊन रांगेत मीही उभी होते. खेडं म्हणजे काय हे मला परभणीहून कुणी शिकवायची गरज नाही.

तारखेचा मुद्दा मात्र मान्य, मनापासून मान्य. जादूटोणाविरोधी कायदा ऑगस्ट 2013 मध्ये झाला असं मी लिहिलं होतं. 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि आठवड्याच्या आत निघाला तो वटहुकूम होता. विधिमंडळानं कायदा मंजूर केला तो त्या वर्षीच्या डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार. तेवढ्यावर थांबला असतात तर बरं झालं असतं.

आता ते वाक्य. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नाहीये. शाळेतल्या सहकाऱ्यांकडून, जावेकडून, एकदा तर लग्नाच्या मांडवात, वेगवेगळ्या शब्दांत ते ऐकलंय. ऐकायला ते छान वाटतं, भीती आणि नीतीचं यमक जुळतं म्हणून. ते खरं आहे का, हे मात्र कुणी तपासून पाहत नाही. मी पाहिलंय.

साल 1981. लातूर जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मी 11 वर्षांची. शेजारच्या घरी नवी सून आली होती, असेल सतरा-अठराची. दिवाळीनंतर तिच्या हातांवर काळ्या फुल्या उमटायला लागल्या. आधी डाव्या हातावर, मग पोटरीवर. फुलीभोवती कातडी लाल व्हायची, फोड यायचे. भानामती म्हणून गावभर बोभाटा झाला. देवऋषी आला. त्यानं तांदूळ टाकले आणि सांगितलं की काळ्या लुगड्याची, बिननवऱ्याची, जवळच्याच घरातली बाई आहे. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. वडिलांची थोरली बहीण, आमची मावळण, नवरा गेल्यापासून आमच्याकडंच राहायची आणि काळं लुगडं नेसायची.

तिला कुणी मारलं नाही, आपण म्हणाल मग झालं काय. सांगते. आमच्या गल्लीत विरजण आमच्या घरातून जायचं. मावळणीच्या हातचं दही घट्ट लागायचं, म्हणून संध्याकाळी चार-पाच घरच्या लेकी-सुना वाटी घेऊन यायच्या. देवऋषी येऊन गेल्यावर एकही वाटी आली नाही. पहिले काही दिवस मावळण रोज चुलीपाशी एका द्रोणात विरजण काढून ठेवायची. रात्री ते तसंच ताकात ओतायची. आडावर ती गेली की बायका पोहरा वर ओढून बाजूला व्हायच्या. संक्रांतीला तिच्यासमोर कुणी तीळगूळ धरला नाही. मायलेकरांनी गजबजलेली गल्ली होती ती आणि त्यातल्या प्रत्येकाला अदृश्याची भीती होती. अगदी आपल्याला हवी तशी, भरपूर. त्या भीतीनं त्यांना नीती दिली का? एका निरपराध बाईला जिवंतपणी गावाबाहेर काढायचं बळ मात्र दिलं.

आणि आता जे सांगते ते मागच्या लेखात नव्हतं. सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला. फुल्या कशा उमटतात ते मला तेव्हाच माहीत होतं.

फुल्या उमटायला लागल्यावर पंधराएक दिवसांनी मी आमच्या कडब्याच्या गंजीमागं गेले होते. पलीकडं त्यांचा गोठा. सून खाली बसली होती. तिनं बिब्ब्याला दाभण टोचली होती आणि तो चिमणीच्या ज्योतीवर धरला होता. बिब्बा तापला की त्यातून काळं तेल सुटतं. दाभणीच्या टोकावर ते घेऊन तिनं मनगटाच्या वर एक आडवी रेघ ओढली, मग उभी. ओठ दाताखाली धरला होता. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की काय होतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको, धोब्याची खूण त्याच तेलाची असते आणि बिब्बा उतला की माणूस आठवडाभर झोपत नाही. तिनं मला पाहिलं. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

मी घरी गेले आणि गप्प बसले. का? मावळण माझी लाडकी होती, तिच्याच कुशीत मी झोपायचे. पण सगळे म्हणायचे की भानामतीबद्दल जो बोलतो त्याच्यावर ती उलटते. मला डोळ्यांनी बिब्बा दिसला होता, तरी मी घाबरले, माझ्या हातावर फुली उठेल म्हणून. रात्री अंथरुणात मनगट चाचपून बघायचे. माळकरी बुवा, अदृश्याची भीती होती म्हणूनच माझ्या हातून ते पाप झालं. ती भीती नसती तर मी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं असतं आणि एका म्हातारीच्या आयुष्यातली वर्षं वाचली असती. आपलं वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही. आपण ते सहज लिहिलंत.

आपल्याच वाटेनं जाऊन बोलायचं तर पैठणच्या नाथांचं उदाहरण घ्या. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला वाहायला निघालेले नाथ वाटेत तहानेनं तडफडणारं गाढव बघून थांबले आणि कावड त्याच्या तोंडात रिकामी केली, ही कथा आपण कीर्तनात शंभरदा ऐकली असेल. पापाच्या भीतीनं चालणारा माणूस काय करेल? संकल्प मोडला तर देव कोपेल म्हणून कावड सांभाळत पुढं जाईल. नाथांनी गाढवाची तहान पाहिली. समोर काय आहे ते बघणं, यालाच मी तपासणं म्हणते. मी नाथांना माझ्या बाजूला ओढते आहे असं वाटत असेल तर वाटू द्या.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवते का आपल्याला? मी औशाला होते. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं घरी येऊन झोपली आणि 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. हजारो माणसं गेली. त्या आठवड्यात मदतीच्या ट्रकांतून भाकरी वाटताना मी स्वतः ऐकलं, ‘पाप लई वाढलं होतं म्हणून झालं.’ ढिगाऱ्याखालून ज्यांची लेकरं काढत होते त्यांच्यासमोर हे बोललं जात होतं. मारलं ते पापानं नव्हे. दोन-दोन, तीन-तीन फुटांच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यावर मातीचा थरावर थर चढवलेलं माळवद, यांनी मारलं. दगडांना सांधणारी पकड नव्हती, हादरा बसताच भिंती फुटल्या आणि माळवद खाली आलं. हे शोधणाऱ्यांमुळं नंतरची घरं वेगळी बांधली गेली. पापाचा हिशेब मांडणाऱ्यांमुळं एक वीटही सरळ बसली नसती. पाप म्हटलं की मेलेलाच गुन्हेगार ठरतो. ही नीती आपल्याला मान्य आहे का, सरळ हो की नाही सांगा.

बाकीच्या मुद्द्यांत मी फार शिरत नाही. ‘उद्या वारीही बंद कराल’ असं आपण म्हणता. कायदा एकदा वाचा. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, घरची-देवळातली पूजा यांना तो लागू होत नाही हे त्यातच लिहिलंय. भूत उतरवायचं म्हणून साखळीनं बांधणं, मिरचीची धुरी देणं, चपला बुडवलेलं पाणी पाजणं, अमकी करणी करते असं जाहीर करणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता गंडादोरा बांधणं, हे त्यात गुन्हे आहेत. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. यातलं कुठलं आपल्याला वाचवायचं आहे?

‘आमच्या गावात मंत्रानं साप उतरतो, शेकडो लोक साक्षीला आहेत’ म्हणता. आपल्याकडं चावणाऱ्या सापांत धामण, विरोळा, तस्कर असे बिनविषारीच जास्त. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावलं तरी दर वेळी विष सोडतंच असं नाही. ती माणसं मंत्राशिवायही वाचलीच असती. ज्याला खरंच विष भिनलं आणि जो मंत्रावरच थांबला, तो बहुधा साक्ष द्यायला उरत नाही. एवढंच.

आणि अंगात येणाऱ्या बाईचं ऐकतं कोण, हा आपला प्रश्न. त्यावर इथं बोलायला जागा नाही. शेजारच्या त्या सुनेला सासू माहेरी पाठवत नव्हती, फुल्या उठल्यावर दोन महिने पाठवलं, हे मलाही माहीत आहे. तिचं दुःख खोटं होतं असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण त्याची किंमत आमच्या मावळणीनं का चुकवायची? यावर कधीतरी वेगळं लिहीन. आपण विचारलंत म्हणून नव्हे.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, आईबापावरच्या ओळीसकट तशीच ठेवली आहे. लोकांनी वाचावी. पुढच्या वेळी मात्र नाव घालून लिहा. मी माझ्या नावानं लिहिते.

राहिलं एक. ‘त्या बाईचं पुढं काय झालं ते लिहिलं नाही, कारण गोष्टच रचलेली आहे,’ असं आपण म्हणालात. लिहिलं नाही, कारण ती आमच्या घरातली गोष्ट होती. बिब्ब्याचं मी आईला सांगितलं ते चार वर्षांनी, नववीत असताना. आईनं वडिलांना सांगितलं, वडील शेजारी जाऊन बोलले, थोडी आरडाओरड झाली आणि विषय मिटला. हळूहळू आडावरच्या बायका मावळणीशी बोलायला लागल्या. कुणी चुकलं म्हटलं नाही. मग एका उन्हाळ्यात ती सूनच आमच्या दारात आली. कडेवर पोरगी, हातात वाटी. ‘मावळण, विरजण देता का थोडं?’

मावळण ज्वारी पाखडत होती. सूप तसंच हलवत राहिली. म्हणाली, ‘दूधच आलं नाही बाई आज.’

ती गेली. शिंक्यावर दह्याचं गाडगं भरलेलं होतं.